मेंदूतील रक्तस्राव : प्रमाण वाढते की घटते, हे गावाने कसे ओळखावे?

मराठवाड्याच्या खेड्यांत एखाद्याचा एक हात व एक पाय अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा गेली, की ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट व त्याच्या आसपासच्या वाड्या-वस्त्याही यास अपवाद नाहीत. वैद्यकशास्त्र या विकारास पक्षाघात म्हणते. मात्र या एका नावाखाली दोन अगदी भिन्न घटना नांदत असतात. पहिलीत मेंदूला रक्त पुरविणारी धमनी गुठळीने बंद होते आणि पुढचा भाग रक्तावाचून मरतो. दुसरीत धमनी फुटते आणि रक्त मेंदूच्या पेशींत किंवा मेंदूच्या आवरणाखाली पसरते. हा दुसरा प्रकार म्हणजे रक्तस्रावी पक्षाघात होय. तो संख्येने कमी, पण अधिक घातक. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसून आले की, मेंदूच्या आत रक्तस्राव झालेल्या शंभर रुग्णांपैकी साधारण चाळीस रुग्ण पहिल्या महिन्यातच दगावतात.

मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक धमन्या थेट मोठ्या धमनीतून फुटतात. त्यामुळे मोठ्या धमनीतील दाबाचा मारा त्यांना जवळजवळ जसाच्या तसा सोसावा लागतो. रक्तदाब वर्षानुवर्षे चढा राहिला, की या धमन्यांची भिंत ठिसूळ होते, आणि एखाद्या दिवशी ती फुटते. वृद्धापकाळी मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या धमन्यांत एक प्रकारचे प्रथिन साचून त्याही कमकुवत होतात. रक्त पातळ करणारी औषधे, अतिमद्यपान आणि धमनीवरचा जन्मजात किंवा नंतर आलेला फुगवटा ही आणखी काही कारणे होत. तथापि या सर्वांत थोरले कारण रक्तदाब हेच आहे, आणि तेच माणसाच्या हाती सर्वांत अधिक आहे.

गावाच्या पारावर ‘पूर्वी हे असे नव्हते, आता घरोघर वारे जाऊ लागले आहे’ असे उद्गार हमखास ऐकू येतात. ते खरेही असतील. पण पंचायतीच्या सभेत किंवा तालुक्याच्या आढावा बैठकीत या उद्गाराच्या आधारावर निर्णय घ्यावयाचा असेल, तर त्यामागे मोजणी हवी, आणि ही मोजणी वरवर दिसते तितकी सोपी नाही.

जपानने घेतलेला पडताळा

या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण जपानचे आहे. १९५१ पासून पुढची सुमारे तीस वर्षे त्या देशात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात हेच होते. मृत्यूच्या दाखल्यांवरून पाहिले, तर त्यांतील बहुतेक मृत्यू रक्तस्रावाचे होते. गुठळीने झालेल्या मृत्यूंच्या मानाने त्यांची संख्या बारा-तेरा पट भरत असे. इतर देशांतील तज्ज्ञांना हे पटेना. एवढी विषमता रोगात आहे की दाखला लिहिणाऱ्याच्या सवयीत, असा प्रश्न निर्माण झाला.

याचा पडताळा घेण्यासाठी क्यूशू विद्यापीठाने १९६१ साली फुकुओका शहरानजीकचे हिसायामा हे लहानसे गाव निवडले. चाळीस वर्षे व त्यावरील सोळाशेहून अधिक रहिवाशांची नोंद करण्यात आली. त्यांची वेळोवेळी तपासणी होऊ लागली, आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाच्या संमतीने शवविच्छेदन करून खरे कारण पाहण्यात आले. दर पाच मृतांपैकी सुमारे चौघांचे शवविच्छेदन होई. गावकऱ्यांचे असे सहकार्य अन्यत्र क्वचितच आढळेल. निष्कर्ष असा निघाला की, दाखल्यांतील विषमता बरीचशी फसवी होती. गुठळीचे पक्षाघात प्रत्यक्षात रक्तस्रावाहून अधिक होते, परंतु ते रक्तस्राव म्हणून नोंदले जात होते. तरीही पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत जपानात रक्तस्राव पुष्कळ होते, ही गोष्ट मात्र खरी ठरली.

त्याच गावात १९७४ मध्ये दुसरा आणि १९८८ मध्ये तिसरा गट नोंदवून पाहणी पुढे चालू राहिली. पहिल्या गटापासून दुसऱ्या गटापर्यंत पुरुषांमधील मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण झपाट्याने उतरले. एका पिढीच्या आत ही घट झाली. या अवधीत माणसांचे रक्त बदलले नव्हते, वंशही बदलला नव्हता. बदलली होती ती मिठाची सवय, आहारातील प्रथिनांचे प्रमाण आणि रक्तदाबावरील औषधांचा वापर. उत्तर जपानच्या अकिता प्रांतात १९५० च्या दशकात माणशी रोजचे मीठ पंचवीस ग्रॅमच्या पुढे जात असे. खारवलेल्या भाज्या व मासे हे तिकडच्या लांब हिवाळ्यातील मुख्य तोंडीलावणे होते. तेथे १९६० च्या दशकात गावोगाव रक्तदाब तपासण्याची मोहीम सुरू झाली आणि मिठाविषयी घरोघर सांगितले जाऊ लागले. १९८१ साली जपानात पक्षाघाताचे पहिले स्थान कर्करोगाने घेतले.

हिसायामाच्या या वृत्तान्तातून नांदूरघाटसारख्या गावाने घेण्याजोग्या गोष्टी दोन. रक्तस्रावाचे प्रमाण म्हणजे दैवाचा लेख नव्हे, ते उतरू शकते. आणि दाखल्यावर लिहिलेले कारण हे नेहमीच मृत्यूचे खरे कारण असते असे नाही.

टक्केवारी म्हणजे प्रमाण नव्हे

या विषयावरील लेखांत व अहवालांत ‘पक्षाघातांपैकी इतके टक्के रक्तस्रावी’ असा आकडा नेहमी येतो. तो वाचताना फार सावध राहावे लागते. चीनच्या राजधानीत, बीजिंगमध्ये, १९८४ ते २००४ या वीस वर्षांत केलेल्या गणनेत रक्तस्रावी पक्षाघाताचे प्रमाण दर वर्षी सरासरी शेकडा १.७ या गतीने उतरले. त्याच काळात गुठळीच्या पक्षाघाताचे प्रमाण दर वर्षी शेकडा ८.७ या गतीने चढले. म्हणजे एकूण पक्षाघातांत रक्तस्रावाचा वाटा घटला तो मुख्यतः दुसरा वाटा फुगल्यामुळे. रक्तस्राव तितकेच राहिले असते, तरीही वाटा घटलेलाच दिसला असता. वाटा घटला म्हणून समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती या स्थितीत फसवा आकडा आलेला असतो.

खरे प्रमाण काढावयाचे, तर वर अंश व खाली छेद असे दोन्ही आकडे लागतात. ठरावीक मुदतीत प्रथमच रक्तस्राव झालेल्या व्यक्ती हा अंश होय. त्याच मुदतीत त्याच हद्दीत राहणारी लोकसंख्या हा छेद. महाराष्ट्रात याचा उत्तम नमुना मुंबईत उपलब्ध आहे. २००५ व २००६ या दोन वर्षांत डॉ. पी. एम. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी महानगरपालिकेच्या एका विभागातील १,५६,८६१ लोकसंख्येची पाहणी केली. तीत प्रथमच पक्षाघात झालेल्या ४५६ व्यक्ती आढळल्या, म्हणजे वर्षाला लाखी १४५. त्यांपैकी ८१ व्यक्तींना रक्तस्राव झाला होता. दोन वर्षांचे ८१ भागिले दीड लाखाच्या वरची ही लोकसंख्या, असा हिशेब केला म्हणजे रक्तस्रावाचे प्रमाण वर्षाला लाखी सुमारे २६ येते. याच सुमारास कोलकात्यात झालेल्या अशाच गणनेत रक्तस्रावाचा वाटा शेकडा ३२ आढळला, मुंबईत तो शेकडा १८ च्या आत होता. कोलकात्यात महिन्याभरात दगावलेल्यांचे प्रमाण शेकडा ४१, तर मुंबईत शेकडा ३० च्या आसपास होते. एकाच देशातील दोन महानगरे, एकच कालखंड, आणि तरीही एवढा फरक. तेव्हा मुंबईचा आकडा उचलून बीड जिल्ह्यास चिकटविणे योग्य होणार नाही. फार तर हिशेबाची कल्पना येण्यापुरता तो वापरावा.

तशी कल्पना करून पाहू. एका उपकेंद्राच्या पाच हजार लोकसंख्येत लाखी २६ या हिशेबाने वर्षाला जेमतेम एक रक्तस्राव येईल. तीस हजार लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात सुमारे आठ येतील. आता आठ ही सरासरी असली, तरी एखाद्या वर्षी चार आणि पुढच्या वर्षी बारा असे केवळ योगायोगानेही घडू शकते. त्यामागे पाणी, हवा, नवे पीक किंवा नवी लस असे काहीही कारण असण्याची गरज नाही. चारावरून बारा म्हणजे ‘तिप्पट वाढ’ अशी बातमी होते, चौकशीची मागणी होते. वस्तुतः तो फासे पडावेत तसा प्रकार असतो. यास्तव एका गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच म्हणता येत नाही. बीड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २५,८५,०४९ होती. एवढ्या लोकसंख्येत याच हिशेबाने वर्षाला साडेसहाशेच्या वर घटना येतील, आणि त्यांत शेकडा वीसची घट झाली तर तिला योगायोग म्हणता येणार नाही. नांदूरघाटचा आकडा जिल्ह्याच्या बेरजेत मिळाला आणि पाच-पाच वर्षांचे गट करून पाहिला, तरच तो बोलू लागतो.

दवाखान्याबाहेरचे मृत्यू

दवाखान्याच्या नोंदवहीवरून प्रमाण काढण्याचा मोह साहजिक आहे, कारण ती वही हाताशी असते. परंतु दवाखान्यात पोहोचलेला रुग्ण म्हणजे गावातील सर्व रुग्ण नव्हेत. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतील सुमारे ९४ हजार लोकसंख्येतील मृत्यूंचा एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत मागोवा घेतला. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाल्याचे आढळले. कोणत्याही अन्य कारणापेक्षा ही संख्या मोठी होती. जंगलाच्या, हिवतापाच्या व कुपोषणाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघावे, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित होती. याहून महत्त्वाचे म्हणजे या मृत्यूंपैकी शेकडा ८७ मृत्यू घरी झाले होते. दवाखान्याची वही उघडून बसणाऱ्यास शंभरांतील बहुतेक मृत्यू दिसलेच नसते.

घरी झालेल्या मृत्यूत गुठळी होती की रक्तस्राव, हे केवळ नातेवाइकांना विचारून ठरविता येत नाही. डोके फार दुखले, उलटी झाली, काही मिनिटांत शुद्ध हरपली, अशी लक्षणे रक्तस्रावाकडे बोट दाखवितात. पण खात्री देत नाहीत. ती खात्री सीटी स्कॅनच देते. हे यंत्र १९७० च्या दशकात जगात प्रथम वापरात आले आणि जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यास आणखी काही दशके लागली. त्यामुळे ज्या वर्षी एखाद्या भागात स्कॅनची सोय होते, त्या वर्षापासून ‘रक्तस्रावाचे रुग्ण वाढले’ असे नोंदींत दिसू लागते. वाढ रोगाची नसून ओळखण्याची असते. पूर्वी जो सौम्य रक्तस्राव गुठळी म्हणून नोंदला गेला असता, तो आता त्याच्या खऱ्या नावाने नोंदला जातो. कोणताही आलेख पाहताना, स्कॅनची सोय कधी झाली ते वर्ष त्यावर उभ्या रेघेने दाखवावे, म्हणजे पुष्कळसा गैरसमज टळेल.

वयाचा परिणाम

लोकसंख्येचे वय वाढले म्हणजे पक्षाघात वाढणारच. हे सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा हिशेब क्वचितच केला जातो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एक लाख वस्तीच्या एका भागात ९२ हजार लोक साठीच्या आतील व ८ हजार साठीच्या पुढील आहेत. साठीच्या आत रक्तस्रावाचे प्रमाण लाखी १० व साठीपुढे लाखी १५० आहे असे धरू. वर्षाला अनुक्रमे सुमारे ९ व १२, मिळून २१ घटना होतील. वीस वर्षांनी तेथेच साठीच्या आतील ८६ हजार व पुढील १४ हजार झाले. या अवधीत रक्तदाबाचे उपचार सुधारले आणि दोन्ही वयोगटांतील धोका शेकडा वीसने उतरला, म्हणजे लाखी ८ व १२० झाला. तरीही घटना येतील सुमारे ७ व १७, मिळून २४. प्रत्येक वयाच्या माणसाचा धोका एक पंचमांशाने कमी झाला, आणि एकूण आकडा मात्र वाढला! कष्टाने काम केलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यास अशा वेळी दोष दिला जातो, तो अन्यायाचा होय. म्हणून वयोगटवार आकडे मागावेत, किंवा एकाच ठरावीक वयोरचनेवर बसविलेले प्रमाण मागावे. २०११ साली महाराष्ट्रात दर दहा व्यक्तींत सुमारे एक साठीच्या पुढची होती. हा वाटा वाढत जाणार, हे निश्चित.

खेड्यांत तर हा प्रश्न अधिक बिकट आहे. तरुण मंडळी पुणे-मुंबईस जातात आणि मागे वृद्ध राहतात. गावाची वयोरचना त्यामुळे नैसर्गिक गतीपेक्षा लवकर म्हातारी होते.

वयाशी निगडित आणखी एक बदल इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या परिसरात दिसून आला. तेथे १९८१ ते १९८६ या काळातील गणना आणि २००२ पासूनची गणना यांची तुलना करण्यात आली. पंच्याहत्तरीच्या आत मेंदूतील रक्तस्रावाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले होते. पंच्याहत्तरीच्या पुढे मात्र घटनांची संख्या घटली नव्हती. रक्तदाबामुळे होणारे रक्तस्राव कमी झाले, पण रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांमधील रक्तस्राव अनेक पटींनी वाढले. ही औषधे हृदयविकारात व गुठळीच्या पक्षाघातात प्राण वाचवितात; ती बंद करावीत असा याचा अर्थ मुळीच नाही. ती घेणाऱ्या वृद्धाचा रक्तदाब अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवला पाहिजे, एवढाच अर्थ. हृदयावरील शस्त्रक्रिया व उपचार शासकीय योजनांमुळे ग्रामीण कुटुंबांच्याही आवाक्यात येत चालले आहेत. तेव्हा जो बदल ऑक्सफर्डला वीस वर्षांत दिसला, तो मराठवाड्यातही दिसू लागला तर नवल नाही.

कोयता आणि गोळी

बीड जिल्ह्याची खरी अडचण याहून निराळी आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात. केज तालुक्यातील गावेही यात आली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत पाच-सहा महिने फडावरच मुक्काम. गाळप संपल्यावर चैत्राच्या आगेमागे टोळ्या परततात.

या स्थलांतराचा परिणाम मोजणीवर आणि उपचारावर असा दुहेरी होतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद तो जेथे घडला त्या ठिकाणी होते. केज तालुक्यातील एखादा कामगार फडावर रक्तस्रावाने दगावला, तर त्याची नोंद कारखान्याच्या परिसरातील निबंधकाकडे होईल. त्याच्या गावच्या वहीत तो येणारच नाही, पण जनगणनेच्या लोकसंख्येत मात्र तो गावाचाच राहील. म्हणजे छेद पूर्ण आणि अंश अपुरा. यामुळे गावाचे प्रमाण कागदावर कमी दिसते, आणि ज्या वयोगटात मृत्यू होणे सर्वाधिक दुःखद, त्या कमावत्या वयोगटातच ते सर्वाधिक कमी दिसते. उलट अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या रुग्णालयातून घरी आणलेला रुग्ण गावात मरण पावला, तर त्याची नोंद ‘लकवा’ किंवा नुसती ‘वृद्धापकाळ’ अशी होण्याचा संभव असतो. दोन्ही चुका एकमेकींना खोडून काढतील, असे समजणे भाबडेपणाचे होईल.

उपचाराचे नुकसान त्याहून गंभीर आहे. रक्तदाबाची गोळी रोज घ्यावयाची असते. गावातील उपकेंद्रातून ती महिन्याची म्हणून मिळते. कामगार निघून गेला की तिसाव्या दिवशी गोळी संपते. फडावर दवाखाना दूर, काम पहाटेपासून, आणि एका दिवसाचा खाडा म्हणजे मजुरीची तूट. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असा विचार मनात येतो. रक्तदाब चढला तरी तो बहुधा जाणवत नाही, हेच या विकाराचे कपट आहे. त्यातच गाळपाचा हंगाम थंडीचा. अनेक देशांतील पाहण्यांत मेंदूतील रक्तस्राव हिवाळ्यात अधिक आढळले आहेत, कारण थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावून दाब वाढतो. औषध खंडित, पहाटेचा गारठा, अंगमेहनत, तंबाखू आणि काहींच्या बाबतीत दारू, असा योग जुळून येतो. शिक्षक व पंचायत सदस्य यांना आपल्या गावातील कोणत्या घरी कोण गोळीवर आहे आणि कोण कोणत्या कारखान्याला जातो, हे तोंडपाठ असते. ही माहिती कोणत्याही शासकीय संगणकात नाही.

यावर उपाय अवघड नाही. टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे साधारण दसऱ्याच्या सुमारास, तीस वर्षांवरील प्रत्येक कामगाराचा रक्तदाब मोजावा. ज्यांना औषध चालू आहे त्यांना हंगाम संपेपर्यंत पुरेल एवढे औषध वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्याने द्यावे, निदान औषधाचे नाव व मात्रा मराठीत लिहिलेले कार्ड तरी सोबत द्यावे. म्हणजे फडाजवळच्या आरोग्य केंद्रात तीच गोळी पुढे मिळू शकेल. टोळी परतल्यावर पुन्हा मोजणी व्हावी. मुकादमाची उचल जशी वहीत मांडली जाते, तसा रक्तदाबही कार्डावर मांडला गेला पाहिजे.

दाब उतरविण्याचे फळ

औषधाने खरोखर किती फरक पडतो, याविषयी शंका घेणारे पुष्कळ असतात. पक्षाघात किंवा त्याची पूर्वसूचना होऊन गेलेल्या रुग्णांवरील एका मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रयोगाचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यात रक्तदाब उतरविणाऱ्या औषधांमुळे मेंदूतील रक्तस्राव सुमारे निम्म्याने कमी झाले. गुठळीच्या पक्षाघातातही घट झाली, परंतु ती इतकी मोठी नव्हती. रक्तदाबाच्या कार्यक्रमाचे यश सर्वांत आधी रक्तस्रावाच्या आकड्यात उमटते, ते यामुळे.

२०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील पंधरा वर्षांवरील शेकडा २४ पुरुष व २१ स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. यांतील अनेकांना आपल्याला हा विकार आहे, याची जाणीवच नसते. ज्यांना असते त्यांतील काहीच उपचार घेतात, आणि उपचार घेणाऱ्यांपैकी काहींचाच दाब १४०/९० च्या खाली राहतो. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे प्रथम घेण्यात आले. त्यातील महत्त्वाची सुधारणा औषधाची नसून हिशेबाची आहे. किती लोकांना तपासले यापेक्षा, नोंदविलेल्यांपैकी किती जणांचा दाब गेल्या तिमाहीत आटोक्यात होता, असा प्रश्न तेथे विचारला जातो. शिबिरांच्या छायाचित्रांपेक्षा हा प्रश्न पुष्कळ अधिक उपयोगी आहे.

मिठाच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज पाच ग्रॅमच्या आत राहण्यास सांगते. राष्ट्रीय पातळीवरील पाहणीत भारतीय प्रौढाचे रोजचे मीठ सुमारे आठ ग्रॅम भरले. भाकरीबरोबरचा ठेचा, लोणचे, पापड, खारवड्या यांतून ते नकळत जाते. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांतील सुमारे २१ हजार व्यक्तींवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ आणि निम्म्या गावांत ज्यातील एक चतुर्थांश भाग पोटॅशियम क्षाराचा आहे असे मीठ देण्यात आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या प्रकारच्या गावांत पक्षाघात शेकडा १४ ने कमी झाले. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हे मीठ अपायकारक ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून वापरू नये. साधे मीठच कमी घालणे मात्र सर्वांना शक्य आहे, आणि शालेय पोषण आहाराच्या स्वयंपाकघरापासून त्याचा आरंभ करता येईल.

प्रत्यक्ष झटका आल्यास काय करावे, याविषयी थोडे. रुग्णाच्या तोंडात पाणी, चहा किंवा काढा घालू नये, तो श्वासनलिकेत जातो. झटका कोणत्या वेळी आला ती वेळ लक्षात ठेवावी आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. ‘हृदयविकारात देतात ती गोळी’ म्हणून अ‍ॅस्पिरिन घरीच देण्याची चूक करू नये. गुठळी असेल तर ती औषध, पण रक्तस्राव असेल तर तीच विष ठरू शकते, आणि स्कॅनपूर्वी हा भेद कोणासही सांगता येत नाही.

नोंदवहीचा एक रकाना

नांदूरघाट परिसराने स्वतःचे प्रमाण जाणून घ्यावयाचे ठरविले, तर त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आशा स्वयंसेविका घरोघर जातात, आयुष्मान आरोग्य मंदिरातील समुदाय आरोग्य अधिकारी तीस वर्षांवरील व्यक्तींची यादी ठेवतात, आणि मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीकडे होतेच. या तिघांच्या वह्या महिन्यातून एकदा एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर सुटलेली नावे सापडतात. प्रत्येक पक्षाघातासाठी एक ओळ पुरेशी आहे : वय, स्त्री की पुरुष, झटक्याची तारीख, त्या वेळी व्यक्ती गावात होती की फडावर, रक्तदाब आधी माहीत होता काय, गोळी चालू होती की सुटली होती, स्कॅन झाला काय व त्यात काय निघाले, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी व्यक्ती जिवंत होती काय. बाहेरगावी झालेले मृत्यूही या वहीत यावेत, कारण कुटुंब गावातच असते आणि ते सांगू शकते. कायदेशीर नोंद जिथे व्हावयाची तिथे होईल. ही वही केवळ अभ्यासाची आहे आणि तीतील नावे गोपनीय राहिली पाहिजेत.

‘स्कॅन झाला नाही’ असे असेल तर तसेच लिहावे. अंदाजाने रक्तस्राव किंवा गुठळी असे लिहू नये. आरंभीच्या वर्षांत अशा ओळी बहुसंख्य असतील. त्याने निराश होण्याचे कारण नाही, कारण स्कॅन न झालेल्यांचा वाटा दर वर्षी किती उतरला, हाही एक मोजण्याजोगा बदल आहे. वर्षाअखेरीची बेरीज गावाची स्वतंत्र न मांडता शेजारच्या गावांच्या बेरजेसह तालुक्याकडे द्यावी. साठीच्या आतील व पुढील असे दोन आकडे वेगळे ठेवावेत. साठीच्या आतील आकड्यात पुन्हा एक पोटविभाग करावा : किती जणांची गोळी झटक्याच्या आधीच्या महिन्यात सुटलेली होती. हिशेब बंद करण्यास मार्चअखेरपेक्षा वैशाख अधिक सोयीचा, कारण तोपर्यंत बहुतेक टोळ्या घरी परतलेल्या असतात.